भोगीचा वाटा

पंचवटीच्या भाजीबाजारात एक मावशी मला रोज कोथिंबीर देते, पण आम्ही एकमेकांना नाव कधी विचारलं नाही. जुडी देण्याआधी ती फटकन झटकते आणि पाणी नेमकं माझ्या चष्म्यावर उडतं.

भोगीच्या सकाळी मी तिच्यासमोर उभा राहून मोबाइलवर आमच्या बँडच्या अल्बमचं परीक्षण वाचत होतो. संबळ, गिटार, ओव्या आणि कॉम्प्युटरचे ठेके एकत्र केलेला आमचा पहिलाच अल्बम. समीक्षकानं लिहिलं होतं, ‘हा कुठल्या प्रकारात बसवायचा, तेच कळत नाही.’

“तोंड का पाडलं, भाऊ?” तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं आणि एक गाणं लावलं. ती जुड्या झटकत ऐकत राहिली. प्रत्येक झटका बरोबर समेवर पडत होता.

गाणं संपल्यावर तिनं गाजर, वांगी, हरभरा, पावटा आणि बोरं असा मांडून ठेवलेला वाटा माझ्या पिशवीत ओतला.

“ही कशाची भाजी हाय?”

“भोगीची.”

“मग? वांग्याची का गाजराची, कोणी विचारतं का?”

मला हसू फुटलं. मोबाइल खिशात ठेवायला लागलो, तर तिनं हात आडवा केला.

“ठेवता कुठं? परत लावा. गिऱ्हाईक थांबायला लागलंय.”