बाबांचा रुमाल

जुन्या जालन्यात सुकटीच्या दुकानापुढं आज रिक्षा थांबली आणि तो कोकणातला खारट वास नाकात शिरला. बाबा गेले तेव्हा त्यांची तेरवी उरकून, त्यांचे कपडे वाटून झाल्यावर मी मोटारसायकलवर एकटाच कोकणात निघून गेलो होतो. गाडी कुठंतरी लावायची आणि समुद्राकाठच्या कड्यांवरून पायवाटेनं चालत राहायचं. बघत मात्र काहीच नव्हतो.

अशाच एका कड्यावर गावाकडून, हसनाबादहून आईचा फोन आला. बोलावंसं वाटेना, म्हणून फोन समुद्राकडं धरला. खाली लाटा आपटत होत्या.

"लई वारं सुटून राह्यलं रे तिथं! अशानं ज्वारी आडवी होईल," आई म्हणाली. तिनं समुद्र कधी पाहिलाच नव्हता. "बाबाचा रुमाल घेऊन गेल्तास ना? मंग कान बांध."

मी कान बांधले. लाटा दबल्या. रुमालाला बाबांच्या तंबाखूचा वास होता. तरी रडू आलं नाही. चालत राहिलो.

आता आईही नाही. रिक्षा सुटली, वारं लागलं, तसा खिशातून तोच रुमाल काढून मी कान बांधले. त्याला आता कसलाच वास येत नाही.