लाखेचे दोन थेंब

कर्जतच्या ज्या सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून लागले, तिचं खातं सांगत नाही. साहेब, आम्ही तीन कारकून, एक शिपाई, एक टायपिस्ट आणि एक मराठी टाइपरायटर, एवढाच तिथला पसारा. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. टायपिस्ट कळंबचे, भातशेतीवाल्या घरातले. रोज एसटीने यायचे. पन्नाशी उलटलेली होती, म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे.

काकांसारखं टायपिंग तालुक्यात कुणाचं नव्हतं. मान सरळ, नजर समोरच्या भिंतीवर आणि बोटं मशीनवर. मला वाटायचं, हा सरावाचा रुबाब असणार.

एकदा साहेबांनी लिहिलेला मसुदा त्यांच्यापुढे ठेवला आणि जागेवर येऊन बघते तर मसुदा माझ्याच हातात. काकांपुढे मी कोरा कागद ठेवून आले होते. मी परत गेले. काका त्या कोऱ्या कागदाकडे मान वाकवून म्हणाले, "साहेबांचं अक्षर आज जरा बरं हाय."

मी तशीच उभी राहिले. त्यांना ते जाणवलं. हळूच म्हणाले, "काय झालं, बाई? कागद चुकला काय?"

"काका, कागद कोरा आहे."

त्यांनी कागद चाचपून बाजूला सारला. मग म्हणाले, "कोनाला सांगू नका. घरी खानारी तोंडं हायत."

काचबिंदू होता. आधी कडेचं दिसायचं बंद झालं, मग समोर धुकं आलं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. इतके दिवस ते शिपायाकडून आडोशाला मसुदा ऐकून घ्यायचे; पण शिपाई जेमतेम दुसरी शिकलेला, त्यामुळे पत्राला दुपार व्हायची. बोटं चुकू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. पाकिटं सीलबंद करायची लाख कचेरीत असायचीच. ती वितळवून मशीनच्या मधल्या रांगेतल्या दोन कळांवर एकेक थेंब सोडला होता. बोटाला थेंब लागला की बाकीच्या कळा आपोआप सापडत. ओळ संपत आल्याची घंटी मशीन स्वतःच वाजवायचं. सरकारने त्यांच्यासाठी केलेली सोय तेवढी एकच, आणि तीही सरकारला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि 'मसुदा तपासते' या नावाखाली वाचून दाखवू लागले. त्याचा परिणाम भलताच झाला. आमच्या कचेरीत पत्र लिहिणारा ते पुन्हा वाचत नसे, सही करणारा तर कधीच नाही. आता प्रत्येक पत्र निदान एकदा मोठ्याने ऐकलं जाऊ लागलं.

"थांबा बाई," काका म्हणायचे, "ह्या वाक्यात सात ओळी हायत, पन कोन काय करनार ते नाय."

एकदा मी वाचत होते, "सदर मयत इसमाने मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहावे." काकांची बोटं थांबली. "आला तर बसवायचा कुठं?" आम्ही ते गुपचूप 'मयताच्या वारसाने' असं केलं. साहेबांनी नेहमीप्रमाणे न बघता सही केली. त्या वर्षी आमच्या पत्रांची भाषा सुधारल्याबद्दल साहेबांना वरून शाबासकी मिळाली. ती त्यांनी विनयाने स्वीकारली.

मग वार्षिक तपासणी आली. तपासणी अधिकाऱ्यांनी कपाटं, खुर्च्या मोजल्या आणि टाइपरायटरपाशी थांबले. "हे काय?" साहेबांनी वाकून पाहिलं. त्या मशीनकडे त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं असावं.

आठवड्याने टायपिस्टला द्यायच्या मेमोचा मसुदा तयार झाला. 'शासकीय यंत्रास अनधिकृतपणे लाख लावून विद्रूप केल्याबद्दल लेखी खुलासा करावा.' आता कचेरीत टायपिस्ट एकच. म्हणून तो मसुदाही त्यांच्याकडेच आला. मी तो वाचून दाखवला. काकांनी मूळ प्रत आणि दोन कार्बन घातले आणि एकही चूक न करता स्वतःवरचा मेमो टाइप केला. "'विद्रूप'मधला रु पहिला की दुसरा?" एवढंच मध्ये विचारलं. मी म्हटलं, दुसरा.

खुलासाही त्यांनीच टाइप केला. 'मला दिसत नाही. कळ सापडावी म्हणून लाख लावली.'

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. "दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसत नाही?"

"तुमी, साहेब."

साहेब घाबरले. आपण चार वर्षं एका आंधळ्या माणसाकडून काम करून घेतलं आणि आपल्याला कळलं नाही, हे वर कसं कळवायचं? शेवटी कळवलं. वरून हुकूम आला की टायपिस्टची परीक्षा घ्यावी, आणि ती निःपक्षपाती व्हावी म्हणून दुसऱ्या कचेरीतलं मशीन वापरावं. म्हणजे बिनलाखेचं.

परीक्षक जिल्ह्याहून आले. ते उतारा सांगू लागले. काकांच्या बोटांनी कळा चाचपल्या आणि सुरुवात केली. परीक्षकांनी कागद काढून पाहिला. एकही शब्द लागेना. सगळी बोटं एकेक घर सरकली होती.

"ही कोणती भाषा?"

"बोटं घर चुकली," काका म्हणाले. "लाख पायजेल, साहेब. दोनच थेंब."

"परीक्षेत बाहेरची मदत चालत नाही."

मी टेबलाशी मान खाली घालून बसले होते. नोकरी पक्की व्हायची होती, हे माझं कारण. बोलला तो शिपाई. "साहेब, तुमचा चष्मा चालतो, मग त्याची लाख का नाय चालत?"

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "याबाबत लेखी मनाई नाही," ते म्हणाले. "तोंडी परवानगी मी देऊ शकत नाही. मी चहाला जाऊन येतो."

ते दाराबाहेर पडताच मी उठले. उशिरा का होईना, उठले. शिपायाने काडी ओढली, मी लाखेची कांडी धरली, काकांनी बोटाने जागा दाखवली. परीक्षक परतले तेव्हा लाख थंड झाली होती. ते मशीनकडे न बघता खुर्चीत बसले आणि तोच उतारा पुन्हा सांगितला. या खेपेला चूक सापडली ती एकच, आणि ती त्यांच्या मूळ उताऱ्यात होती.

हुकूम यायला सात महिने लागले. 'लाख ठेवण्यास हरकत नाही; मात्र हा दाखला समजून इतर कर्मचाऱ्यांनी आपल्या यंत्रांस लाख लावू नये.' मसुदे वाचून दाखवण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं, म्हणून ते चालूच राहिलं. काकांची नोकरी टिकली.

पुढे माझी बदली झाली. मला कार्यमुक्त करण्याचा आदेश टाइप व्हायला काकांकडे गेला. खुर्ची ओढून मी तो वाचू लागले. दुसऱ्या ओळीला माझा आवाज बसला.

"मोठ्यानं वाचा, बाई," ते म्हणाले. "नायतर चूक व्हायाची."

मी मोठ्याने वाचलं. त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला आणि माझ्या जागी आलेल्या नव्या कारकुनाला हाक मारली.

"इकडं ये रं. शिक्षान ऱ्हाऊ दे, आवाज कसा हाय ते आधी सांग."