वाळूतला वाघ

हनिमूनला लोक माथेरानला जायचे. आम्ही जळगावहून एस.टी.नं पालच्या जंगलातल्या रेस्ट हाउसवर गेलो. तिथले म्हातारे रखवालदार चहा आणताना लांबूनच खोकायचे. नवं जोडपं ना! रोज सकाळी ते माझ्या बायकोला नाल्याच्या वाळूत वाघाचे ठसे दाखवायचे.

"रातच्याले पानी प्याले आल्ता, ताई."

ती हरखून जायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे ते ओल्या वाळूत मूठ दाबून ठसे उमटवताना मला दिसले. मी ते तिच्यासमोरच बोलून दाखवलं. त्या शहाणपणाची अजून लाज वाटते. त्यांनी मूठ धोतराला पुसली.

चौथ्या दिवशीही ते लांबूनच खोकले. वाळू मात्र कोरी होती.

"आबा, आज वाघ नाही आला?" बायकोनं विचारलं.

"नाई ताई. सायबानं हाकलला ना त्याले."