गणिताकडे जाणारे धागे

आमच्या कॉलेजच्या राऊत सरांना टोपीशिवाय घराबाहेर पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे गेल्या महिन्यात भर दुपारी ते उघड्या डोक्यानं आमच्या फाटकात उभे दिसले, तेव्हाच मी हातातलं काम टाकून पुढं गेले. "बाई, इंदूताई गेल्या. जानेफळले, भावाच्या घरी... सकाळीच," एवढं बोलून ते ओट्यावर बसले. खोटं कशाला सांगू, मला आधी आला तो राग. आठवड्यापूर्वीच तर चिखलीच्या बसस्टँडवर आमचं भांडण झालं होतं. वनस्पतीशास्त्रानं भौतिकशास्त्राकडून काय काय उचललं, हे त्या मला एकेक करून सांगत होत्या आणि मी निम्मंच मान्य करत होते. कंडक्टरनं घंटी मारली तरी बाईसाहेब पायरीवरून बोलतच होत्या. "बाकीचं आल्यावर सांगीन, पळून नोका जाऊ!" म्हणाल्या. पळून कोण गेलं, ते आता सगळ्यांना दिसतंच आहे.

इंदूताई आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथपाल. त्या मूळच्या जानेफळच्या, नागपूरला ग्रंथालयशास्त्र शिकून आलेल्या. आमची ओळख झाली तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, आमचं कॉलेजही नवंकोरं होतं आणि मी नवऱ्याच्या बदलीपाठोपाठ पुण्याहून येऊन इथं वनस्पतीशास्त्र शिकवायला लागलेली. पहिल्याच दिवशी मी ग्रंथालयात जाऊन एक मासिक मागितलं, तर समोरून उत्तर आलं, "देतो न बाई. पन आधी हात धुऊन या. तुमच्या बोटाले खडू हाय." मी तावातावानं बाहेर आले आणि नळावर हात धुतले. परत गेले तर मासिक, खुर्ची आणि चहा, तिन्ही तयार. त्या दिवसापासून आमची जी गट्टी जमली ती जमलीच.

नागपूरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आयुष्यभर जमवलेली मासिकं कॉलेजला दिली होती. ट्रक भरून आली होती ती, परदेशातली, इथली, रसायनाची, शेतकीची, गणिताची. इंदूताई ती मागून वाचत. म्हणजे लेख सोडून द्यायचा आणि शेवटी लेखकानं कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला त्याची जी नावं दिलेली असतात, तेवढीच वाचायची. मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. जेवण सोडून पत्रावळी मोजण्यातला प्रकार आहे हा, म्हटलं. त्यांना काडीचाही राग आला नाही. "तुमी हसा. पन आमच्या गल्लीत कोनाच्या घरून कोनाकडे विरजन जाते, एवढं पाह्यलं तरी मी साऱ्या गल्लीचं सांगू शकतो. कोन कोनाशी बोलते, कोनाचं वाकडं हाय, सारं. हे बी तसंच हाय. रसायनवाला कोनाच्या दारात गेला होता, ते इथी लिहून हाय. कोनी मोजून काऊन नाई पाह्यलं?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपन मोजू."

मला हे वेड केव्हा लागलं ते कळलंच नाही. रविवारी ग्रंथालय बंद असे, तेव्हा आम्ही दोघी दार लावून बसायचो. मी त्या यादीतलं एकेक नाव आणि त्याचा लेख कोणत्या मासिकातला ते वाचायचे. ते मासिक आमच्याकडे कोणत्या कपाटात आहे हे इंदूताई न उठता सांगायच्या, आणि त्या कपाटाच्या विषयापुढं रेघ ओढायच्या. जुन्या सूचनाफलकावर त्यांनी विषयांच्या नावाचे खिळे ठोकले होते. एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत लोकरीचा धागा ओढायचा, देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे, आणि घेणाऱ्याच्या खिळ्याला गाठ मारायची. रेघा जितक्या जास्त, तितके धागे जास्त. माझ्या अर्धवट सोडलेल्या स्वेटरची सगळी लोकर तिथं कामी आली. हळूहळू फलक भरत गेला, आणि काय सांगू, अंगावर शहारे यायचे! मी रोज वर्गात शिकवत असलेलं माझं वनस्पतीशास्त्र रसायनाच्या दारात इतक्या वेळा उभं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "पाहा पाहा, तुमच्याच घरी सारं मांगून आनेल हाय!" इंदूताई टाळ्या पिटून म्हणायच्या.

नेमकं त्याच वेळी संस्थेनं ठरवलं की सगळी मासिकं चालू ठेवणं झेपत नाही, एका विषयाची बंद करावी लागतील. कुणाची, एवढाच प्रश्न होता. प्राचार्यांच्या कानावर आमच्या फलकाची गोष्ट गेलेली होतीच. त्यांनी तो ग्रंथालय समितीच्या बैठकीत मांडायला सांगितला. इंदूताईंच्या कामाची अशी दखल कुणी पहिल्यांदाच घेतली होती. त्या दिवशी त्या नवं लुगडं नेसून आल्या आणि कुठंही न अडखळता बोलल्या. फलकावर शेतकीकडून निघालेले धागे सगळीकडे पसरलेले, आणि गणिताचा खिळा जवळजवळ उघडा. संस्थेचे अध्यक्ष मोठे बागायतदार, ते तर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "वा! म्हंजे साऱ्या दुनियेले शेतकीच देऊन राह्यली! अन् हे गनित कोनाच्या कामाचंच नाई!" टाळ्या झाल्या. गणिताची मासिकं बंद करायचं तिथल्या तिथं ठरलं. गणिताचे राऊत सर कोपऱ्यात बसले होते. ते चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले. त्यांचं संशोधनाचं एक काम अर्ध्यावर होतं आणि ते त्या मासिकांवाचून पुढं जाणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी इंदूताई माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक. वर्ग सोडून मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी शेतकीचं कपाट उघडलं आणि खालच्या दोन फळ्या दाखवल्या. तिथं संख्याशास्त्राची मासिकं होती. आदल्या वर्षी गणिताच्या कपाटाला वाळवी लागली, तेव्हा इंदूताईंनीच ती तिथून काढून शेतकीत, जागा होती म्हणून, ठेवली होती. आणि मोजताना आम्ही कपाटावरून विषय धरला होता! म्हणजे जगातल्या लोकांनी गणिताकडून जे जे घेतलं, ते सगळं आम्ही बिनदिक्कत शेतकीच्या नावावर मांडलं होतं. मी कपाळावर हात मारला. त्या मात्र खाली बसून एकेक अंक बाहेर काढू लागल्या होत्या.

"अध्यक्षांना काय सांगणार?" मी विचारलं. टाळ्यांचा आवाज अजून कानात होता.

"काय सांगनार म्हंजे? चुकलं म्हनून सांगनार."

"सगळ्या समितीसमोर? हसतील, इंदूताई. पुन्हा कधी तुमचं ऐकून घेणार नाहीत."

"नाई घेतलं तर नाई घेतलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण हात थांबले नव्हते. "माह्या कपाटानं त्या मान्साचं काम बुडवायचं का बाई? चला, बसा. राऊत सरायले बी बोलवा."

मग जे दिवस गेले ते माझ्या आयुष्यातले सर्वांत धमाल दिवस. तास संपला की आम्ही तिघं ग्रंथालयात. सर नाव वाचत, इंदूताई आता कपाट विसरून मासिकच उघडून पाहत आणि मी धागे सोडवून नव्यानं बांधत असे. गणिताच्या खिळ्यापासून धागे निघू लागले, भौतिकशास्त्राकडे, रसायनाकडे, शेतकीकडे तर इतके की खिळा दिसेना. सरांचा चेहरा दिवसागणिक उजळत होता. आणि एका संध्याकाळी सर वाचता वाचता थबकले. हातात संख्याशास्त्राचा अंक होता, शेवटचं पान उघडं, आणि त्यात आधाराला घेतलेले लेख होते शेतातल्या प्रयोगांचे. खत घातलेले वाफे, न घातलेले वाफे, कुठल्या वाफ्यात पीक जास्त... "म्हंजे हे गनित वावरातून निंघालं?" सर खुर्चीवर सरळ होत म्हणाले. त्यांनी दुसरा अंक उघडला. तिथंही तेच. तिसऱ्यातही! इंदूताई ओरडल्या, "गाठ मारा बाई, गनिताले गाठ मारा! यानं बी घेतलं!" आम्ही तिघं लहान पोरांसारखे हसत सुटलो. कुणीच नुसतं देणारं नव्हतं, कुणीच नुसतं घेणारं नव्हतं. हसता हसता माझी गाठ बसेना.

समितीपुढं इंदूताई पुन्हा उभ्या राहिल्या. या वेळी जुनंच लुगडं. पहिलं वाक्य होतं, "मागच्या वेळचा धाग्यायचा नकाशा चुकीचा होता आन् ते चूक माही हाय." खोलीत कुजबुज झाली. एक सभासद मोठ्यानं हसलेसुद्धा, आणि मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. इंदूताई थांबल्या, हसणं संपू दिलं आणि मग वाळवीपासून वाफ्यांपर्यंत सगळं सांगितलं. अध्यक्षांनी बराच वेळ फलक पाहिला. "म्हंजे शेतकीनं काई देल्लं का नाई?" त्यांनी जरा पडेल आवाजात विचारलं. "देल्लं न भाऊसाहेब. वावरानं देल्लं म्हनूनच हे गनित झालं. आन् त्या गनिताबिगर आता कोनाचाच प्रयोग होत नाई." अध्यक्ष मान हलवत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या गनित. काईच बंद नोका करू, आपन पाहू कसं करायचं ते." राऊत सरांनी तिथंच टोपी काढून इंदूताईंना नमस्कार केला. ते अर्धवट राहिलेलं काम त्यांनी पुढं पुरं केलं.

तेराव्यानंतर मी कॉलेजात गेले. ग्रंथालयात पाय ठेववत नव्हता. आत इंदूताईंच्या निवृत्तीनंतर आलेले नवे ग्रंथपाल होते, मुलं वाचत होती, राऊत सर नेहमीप्रमाणे खिडकीशी. टेबलावर गणिताचा ताजा अंक पडला होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तरी उभ्या उभ्या उचलला आणि शेवटून उघडला. आणि तिथं, सगळ्या अगम्य नावांच्या मधोमध, एका वनस्पतीशास्त्राच्या मासिकाचं नाव! झाडाच्या खोडावर पानं कोणत्या क्रमानं फुटतात, त्यावरचा लेख. माझा विषय! गणितानं माझ्याकडून घेतलं होतं! "इंदूताई, हे बघा!" मी ओरडलेच. सगळ्या मुलांनी वर पाहिलं. मग खिडकीशी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "काय सापडलं बाई?" राऊत सर म्हणाले. मी डोळे पुसले, त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि पान त्यांच्यापुढं धरलं.