चमकी घालायची राहिली

नात सहा वर्षांची होती तेव्हा तिचा घोळणा पहिल्यांदा फुटला. मी लगेच कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला आणि सुनेला ऐकवलं, "उष्णता आहे. आंबे बंद कर." सून पुण्याची. तिने आंबे बंद केले आणि कांद्याचा वास जावा म्हणून खिडकी उघडली.

आंबे संपले तरी रक्त थांबेना. त्यात कधी कान वाहायचा, कधी घसा सुजायचा. ताप उतरतो न उतरतो तोच परत चढायचा. पुढे मांड्यांवर निळे डाग दिसले आणि तपासणी झाली. हाडांतल्या मगजात रक्त नीट तयारच होत नव्हतं. बेंगळुरातल्या चामराजपेटेतल्या घराला कुलूप लावून मी व्हाइटफील्डला मुलाकडे राहायला गेले.

आमच्यात मुलीचं नाक सातव्या वर्षी टोचतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईचं नावही काढू नका. नातीचा जीव मात्र त्या चमकीतच अडकलेला.

"अज्जी, तुझं नाक टोचलं तेव्हाचं सांग ना." मास्कच्या वर नुसते डोळे.

मग मी सांगायची. सात वर्षांची मी सोनाराच्या अंगठ्याला कडकडून चावले होते. नंतर गल्लीभर नाक वर करून हिंडले, जशी काही मीच म्हैसूरची महाराणी. कॉलेजात जायला लागल्यावर बाईसाहेबांना तीच चमकी खेडवळ वाटायला लागली. बस दिसली की काढून रुमालात बांधायची, परतताना कोपऱ्यावर घालायची. एकदा घालायला विसरले. आईला सांगितलं, शिंक आली नि उडाली. आईने संध्याकाळपर्यंत मला अंगण झाडायला लावलं.

"आणि चमकी?"

"कमरेला खोचलेल्या रुमालात."

"लबाड आहेस तू."

ती हसली की पुन्हा रक्त यायचं, मग नाक चिमटीत धरून बसायचं. म्हणून ही गोष्ट मी जरा बेचवच सांगत असे. तरी ती हसायचीच.

एकदा म्हणाली, "माझं टोचेपर्यंत तू पण घालायची नाहीस."

"सरी, तसंच करू," म्हटलं आणि तिच्यासमोर चमकी काढून डबीत ठेवली.

"भोक बुजलं तर?"

"रोज कडुनिंबाची काडी घालीन."

तेव्हापासून रोज सकाळी तपासणी. "नाक दाखव. काडी बदललीस?" डॉक्टरीणबाई तिला तपासायच्या, ती मला.

श्रावणात तिला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली नाही.

मध्यंतरी सून म्हणाली, "आई, आता घाला हो चमकी. नाक ओकंबोकं दिसतं."

"स्वल्प थांब," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या कॉफीच्या लोट्याशेजारी एक ताजी काडी ठेवलेली असते, सालं काढून, टोक घासून गुळगुळीत केलेली.