ब्रिस्टलच्या तळघरात मुरणारी फ्रेंच ब्रँडी

बायोकेमिस्ट्रीची डिग्री घेतलेली आमची मृणाल ब्रँडीच्या तळघरात काम शिकायचं म्हणाली, तेव्हा लंडनच्या उपनगरातल्या आमच्या पिनरच्या घरात कुणी धड जेवलं नाही. माझे यजमान हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यांचा एकच प्रश्न, "एजवेअरच्या मराठी मंडळात सांगायचं काय?" शेवटी मृणालनेच तोड काढली. ब्रिस्टलच्या एका जुन्या व्यापाऱ्याकडे एक जागा होती. ती हुकली तर बाबा म्हणतील तो कोर्स. मी गाडीची किल्ली उचलली. ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

पिनरहून निघालात की एम फोर हा मोटरवे धरायचा आणि पश्चिमेला सुटायचं. उशीर केलात तर हीथ्रोपाशीच अडकाल. वाटेतल्या थांब्यांवरचा, म्हणजे सर्व्हिसेसमधला चहा महाग आणि पाणचट, तेव्हा थर्मास न्याच. वाटेत मृणालने माझी शिकवणी घेतली. कोन्याक ही फ्रान्समधल्या शारांत नदीकाठची ब्रँडी. तिथली पांढरी वाइन इतकी आंबट की नुसती पिववत नाही, म्हणून ती तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळायची आणि ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवायची. त्यातली काही पिंपं मात्र कोवळ्या वयातच बोटीने इंग्लंडला येतात आणि इथल्या दमट तळघरांत मुरतात.

"म्हणजे माहेर फ्रान्स, सासर ब्रिस्टल," मी म्हटलं. पोरगी सकाळपासून पहिल्यांदा हसली.

बंदराजवळच्या कार पार्कमध्ये मी डबा उघडला. परीक्षेला जाताना हातावर दहीसाखर, आमच्याकडे याला सूट नाही.

"आई, प्लीज! दही फॅटी असतो. माझा जीभ कोट होईल, टेस्टिंग आहे!" तिचं मराठी हे असं, इंग्लंडात वाढलेलं.

"शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, ए लेव्हल्सना चाललं होतं ना? घे मुकाट्याने."

तिने घेतलं. नंतर बाटलीभर पाण्याने चुळा भरल्या, पण चेहरा उतरलेलाच.

तळघर रस्त्याच्या खाली. ऐन जूनमध्येही स्वेटर लागतो. भिंतींवर काळी बुरशी, ब्रँडीच्या वाफेवर पोसलेली. तिथले प्रमुख मिस्टर हॉब्ज यांनी मला एका स्टुलावर बसवलं आणि मृणालपुढे दोन ग्लास ठेवले. "एकाच घराण्याची, एकाच वर्षाची ब्रँडी. एक पिंप फ्रान्समध्येच राहिलं, दुसरं इथे वाढलं. आमची कुठली?"

मृणालने एकेक ग्लास नाकाशी धरला, थांबली, पुन्हा धरला. ओठांना मात्र लावला नाही.

"चव नाही घेणार?" हॉब्जनी विचारलं.

"नाही. आईने लकसाठी दही आणि साखर दिली. आज माझी जीभ काही कामाची नाही. चव घेऊन सांगितलं, तर ते नुसतं गेस होईल."

धरणी दुभंगेल तर बरं, असं मला झालं. मृणाल मात्र बोलतच होती. "ही इथली. आधी फुलं, मग ओली पानं, लाकूड अगदी मागे. दमट हवेत अल्कोहोल जास्त उडतो, म्हणून ही मऊ. त्या दुसरीत लाकूड पुढे, आणि नाकाला चटका."

हॉब्जनी दोन्ही ग्लास बाजूला सारले. म्हणाले, "बरोबर. आधीच्या सगळ्यांनी ग्लास रिकामे केले आणि अंदाज मारले. जीभ बिघडली आहे असं सांगणारी तू पहिलीच. कधीपासून येतेस?"

"अगं बाई!" मी ओरडलेच. पिंपांमधून माझाच आवाज परत आला.

मग बंदरावर चिप्स खाल्ल्या, भरपूर व्हिनेगर घालून. तुम्ही जाणार असाल, तर आधी फोन करून परवानगी घ्या, आणि अंगाला सेंट लावू नका.

घरी हे दारातच उभे. मृणालने सगळं सांगितलं. अल्कोहोल उडण्यापाशी ह्यांनी तिला थांबवलं. "म्हणजे वाफेचं शास्त्र? अगं, भुलीचं औषधही वाफच. मी जन्मभर दुसरं काय करतोय?" मग दोघं जेवणं विसरून त्यावरच बोलत बसले.

ब्रँडीची चव मी आजतागायत घेतलेली नाही. माझ्याजवळ राहिला तो लेकीचा तळघरातला, जराही न कापणारा आवाज. आणि ह्यांचा, त्याच संध्याकाळी मंडळाच्या सेक्रेटरींना केलेल्या फोनवरचा. मी स्वयंपाकघरात होते, तरी शब्द न् शब्द ऐकू आला. "रविवारी पेढे घेऊन येतोय! मृणालला नोकरी लागली. ब्रँडीत हो, ब्रँडीत! अहो, दारूच म्हणा ना सरळ!"