दवा वाटेत मेली

माझं लुगडं फार पांढरं होतं, एवढ्यावरून माझ्या नवऱ्याला चोर ठरवलं गेलं. आज ऐकणाऱ्याला हसू येतं. मला तेव्हाही आलं नाही आणि आजही येत नाही.

लढाईची वर्षं होती. आम्ही भिंगारला राहायचो आणि हे पाण्याच्या टाकीवर कामाला होते. रोज सकाळी ब्लीचिंग पावडर कालवायची आणि वरची निवळ टाकीत सोडायची, हे यांचं काम. वस्तीत त्या पावडरीला सगळे दवाच म्हणत. कालवायला पत्र्याचा डबा मिळाला होता, पण हे आमच्या घरची लोणच्याची बरणी उचलून घेऊन गेले. मी भांडले तर म्हणाले, डबा गंजलाय, गंजात दवा मरते. बरणी गेल्याचा राग माझ्या मनात बरेच दिवस होता.

त्या उन्हाळ्यात शेवटच्या आळीत जुलाबांची साथ आली. टाकीपासून निघालेला नळ बाजाराला वळसा घालून त्या आळीत संपायचा, आणि टाकीच्या कामावर मिळालेली आमची खोलीही तिथेच होती. पाणी तपासायला इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांच्याकडे पांढऱ्या कपांची पेटी होती. कपात पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात दवा असली तर ते निळं व्हायचं, नसली तर होतं तसंच राहायचं. टाकीवरचा कप निळा झाला, आमच्या नळावरचा झाला नाही. साहेबांनी लगेच ठरवलं, की आपण येणार म्हणून यांनी आज दवा घातली, कालपर्यंत घातलीच नव्हती, आणि शेवटच्या नळाला अजून कालचंच पाणी आहे. मग पावडर जाते कुठे? रविवार होता. मी चर्चमधल्या उपासनेहून पांढरं लुगडं नेसून परतत होते. साहेबांची नजर माझ्यावर पडली.

"या बाईचं लुगडं बघा," नळावरच्या सगळ्या बायांसमोर ते म्हणाले. "पावडर इथे जाते."

यांना तिथल्या तिथे कामावरून काढून घरी बसवलं, आणि आठवड्यात खोली रिकामी करा म्हणून बजावलं. हे मान खाली घालून उभे होते. मला साहेबांपेक्षा यांचाच राग जास्त आला. घरी आल्यावर विचारलं, तोंड शिवलंय का तुमचं? हे हळूच म्हणाले, त्यो नळ आतून त्या डब्यापरीस वाईट हाय.

मला तेवढं पुरे होतं. दुरुस्तीच्या वेळी काढलेला त्याच नळाचा हातभर तुकडा टाकीमागे पडला होता. आत गंजाचे खडे आणि त्यांवर बुळबुळीत गाळ. सोमवारी सकाळी तो डोक्यावर आणि एक गाठोडं काखेत घेऊन मी साहेबांच्या दारात उभी राहिले. अंगावर तेच पांढरं लुगडं. शेजारणी म्हणाल्या होत्या, आज तरी रंगीत नेस. का म्हणून? मी काय चोरी केली होती?

शिपायाने हाकललं, मी हलले नाही. शेवटी कटकट मिटावी म्हणून साहेब टाकीवर आले. टाकीतलं पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं, कप निळा झालेला पाहिला. तेच पाणी त्यांच्या काचेच्या बाटलीत भरलं आणि तेच नळाच्या तुकड्यात. तुकड्याची दोन्ही तोंडं मी लाकडी गुडद्यांनी ठोकून बंद केली. दोन्ही सावलीत ठेवून साहेब जेवायला गेले. मी तिथेच बसून राहिले आणि शिपायालाही उठू दिलं नाही. मागाहून कुणी म्हणायला नको, बाईने काही कालवलं म्हणून.

दुपार कलल्यावर बाटलीतलं पाणी कपात निळं झालं. तुकड्यातलं पाणी गढूळ होतं, ते निवळू दिलं आणि मग थेंब टाकले. निळं झालं नाही. साहेबांनी दुसरा कप घेतला, तोही तसाच. मग त्यांनी तुकडा उचलून आत पाहिलं आणि म्हणाले, म्हणजे दवा वाटेत मरते. यांना उद्यापासून कामावर पाठवा म्हणाले. शेवटच्या नळाचं साचलेलं पाणी रोज सकाळी आधी सोडून देऊ, असंही म्हणाले, आणि जायला निघाले.

मी काखेतलं गाठोडं सोडून यांचा सदरा पुढे धरला. जिथे जिथे दवा उडाली होती तिथे कापड विरून गेलं होतं, बाह्यांची चाळण झाली होती. माझ्या ठिगळांनाही भोकं पडली होती.

"या पावडरीनं कापड पांढरं हुतं, साहेब, पर टिकत न्हाई. आता माझ्या लुगड्यात येक भोक दावा."

त्यांनी शोधलं नाही. रिठा, नीळ, ऊन आणि माझं मनगट, एवढ्यावरच ते लुगडं पांढरं होतं. साहेब म्हणाले, झालं गेलं विसरा, बाई. मी म्हटलं, जिथे झालं तिथे चला.

ते आले, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. संध्याकाळी नळावर बायांची रांग होती. हेही येऊन उभे राहिले, मान अजून खालीच. साहेब नळाजवळ उभे राहून पुटपुटले, या माणसाने चोरी केलेली नाही. पुढच्या दोघी-तिघींनी ऐकलं असेल.

"शेवटच्या बाईपत्तुर पोचलं न्हाई, साहेब," मी म्हणाले. "परत म्हना."

ते परत म्हणाले, या वेळी मोठ्याने. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या म्हातारीने ऐकल्याची मान हलवली, तेव्हा कुठे यांनी मान वर केली.